तीन आठवडे बाहेर जाताना घोडे कुणाच्या हवाली करावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुणे जिल्ह्यात शेतावर दोन मारवाडी घोड्या आणि दूध सुटलेले आठ महिन्यांचे शिंगरू आहे. मे महिन्यात घरचे सगळे तीन आठवडे परदेशी मुलीकडे जाणार. समोर चार पर्याय आहेत: शेतावरचा गडी, जवळच्या रायडिंग स्कूलमधला मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा), शेजारच्या गावातले घोडे बाळगणारे स्नेही, किंवा तिन्ही घोडे तेवढ्यापुरते एखाद्या स्टेबलमध्ये नेऊन ठेवणे. यातले कोण निवडावे आणि त्याला काय सांगून जावे?

आधी माझे मत सांगतो. उत्तम बसणारा, आडमुठा घोडा आवरणारा, घोड्यांवर जीव टाकणारा हे सगळे गुण चांगलेच, पण या कामात ते दुय्यम आहेत. तुम्हाला असा माणूस हवा, ज्याला काहीतरी बिनसल्याचे तासाभरात कळते आणि जो ते न लपवता लगेच फोन करून सांगतो. घोड्याला उलटी होत नाही. जठर अंगाच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचे, आणि पुढचे मोठे आतडे लांब व वळणावळणाचे असते. त्यामुळे कोठा अडला की आतला दाब वाढतच जातो. पोटशूळ पहाटे सुरू झाला आणि संध्याकाळी कुणाच्या लक्षात आला, तर मधले बारा तास कुठल्याही डॉक्टरला भरून काढता येत नाहीत. म्हणून निवडीची पहिली कसोटी लक्ष आणि खरे बोलणे हीच.

आता पर्याय एकेक करून.

शेतावरचा गडी जवळचा, विश्वासाचा आणि घोड्यांच्या ओळखीचा असतो. वीस वर्षे म्हशी सांभाळल्यामुळे जनावराला हात लावायलाही तो घाबरत नाही. अडचण त्याच अनुभवात आहे. गुरांना चालणाऱ्या कितीतरी गोष्टी घोड्याच्या जिवावर बेततात. बुरशीचा वास येणारा कडबा म्हैस खाते आणि पचवते. घोड्याला त्यातून पोटशूळ होतो, बुरशीची मका तर मेंदूपर्यंत इजा करते. काही पशुखाद्यांत आणि कोंबड्यांच्या कित्येक खाद्यांत मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही औषधे घातलेली असतात. गाईला सोसणारी मात्रा घोड्याच्या हृदयाचे स्नायू निकामी करते आणि त्यावर उतारा नाही. गोचिडांसाठी गुरांवर फवारतात ते अमिट्राझ घोड्यावर मारले की आतड्यांची हालचाल मंदावून कोठा घट्ट होतो. शिळ्या भाकऱ्या, उरलेला भात, लग्नघरची पुरणपोळी गड्याच्या मनात लाडाचे खाणे असते; घोड्याच्या पोटात तो एकदम गेलेला स्टार्च असतो आणि त्यातून खुरांचा दाह होतो. हे सगळे शिकवता येते. गडी शिकायला तयार असेल आणि नोंद ठेवणारे, लिहिता-वाचता येणारे कुणीतरी त्याच्या घरात असेल, तर तो फार चांगला पर्याय आहे. मात्र कोंबड्यांच्या खाद्याचे पोते त्याच खोलीत ठेवत असाल तर ते आजच दुसरीकडे हलवा.

रायडिंग स्कूलच्या मोतद्दाराला हे धडे द्यावे लागत नाहीत. तो खरारा करतो, खूर उचलून साफ करतो, चंदी (दाण्याचा खुराक) मोजतो. त्याच्याबाबतीत पाहायचे ते वेगळे. तो तिकडचे काम सोडून पूर्ण वेळ येणार, की पहाटे तिकडे आणि मधल्या वेळात तुमच्याकडे? दोन्हीकडे करणार असेल तर तुमच्या घोड्यांना उरलेला वेळ मिळेल, वर त्याच्या कपड्यांवरून आणि हातांवरून तिकडचा सर्दी-ताप इकडे येईल. २००८-०९ मध्ये घोड्यांचा इन्फ्लुएंझा देशभर पसरला, तेव्हा तबेल्या-तबेल्यांमधली माणसांची आणि सामानाची ये-जा हेही एक कारण होते. खरारा, बादल्या, तोबरे तुमचेच वापरायचे, आणि आल्यावर बूट बदलून साबणाने हात धुवायचे, एवढे तरी ठरवून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. जुन्या मोतद्दारांना स्वतः इंजेक्शन देण्याची सवय असते. पोट दुखले की वेदनाशामक टोचायचे, घोडा शांत झाला की आजार गेला असे समजायचे. वेदना दबते, अडलेले आतडे तसेच राहते, आणि डॉक्टर येतो तेव्हा नाडीवरून, वागण्यावरून काही कळेनासे झालेले असते. मानेत टोचताना सुई शिरेऐवजी धमनीत गेली तर घोडा जागच्या जागी कोसळतो. बाटलीने तेल, हिंगाचे पाणी, ओवा-काळे मीठ पाजणे हाही तसाच प्रकार. मान वर करून ओतलेले तेल श्वासनलिकेत उतरले की फुप्फुसाचा न्यूमोनिया होतो, आणि तो बरा करणे पोटशूळापेक्षा अवघड जाते. डॉक्टर नाकातून नळी घालून औषध देतात, ते याचसाठी. असा मोतद्दार घ्यायचा असेल तर “तोंडाने काही पाजायचे नाही आणि सुई लावायची नाही” हे आधी, स्पष्ट शब्दांत, साक्षीदारासमोर ठरवा. तो यावर हसला किंवा दुखावला, तर दुसरा शोधा.

स्वतः घोडे बाळगणारे स्नेही रोजच्या कामाला मिळणार नाहीत आणि तसे मागूही नये. त्यांचा खरा उपयोग देखरेखीला आहे. माझ्या मते सगळ्यात भरवशाची रचना दोन माणसांची: रोज सकाळ-संध्याकाळ काम करणारा एक, आणि निर्णय घेणारा दुसरा. दुसऱ्याने आठवड्यातून दोनदा न कळवता यावे, घोडे बाहेर काढून चालवून बघावे, गव्हाणीत आणि पाण्याच्या हौदात हात घालून पाहावे. एकच माणूस ठेवला आणि तो तापाने पडला, किंवा गावी कुणी वारले म्हणून त्याला जावे लागले, तर तीन घोड्यांचे काय, याचे उत्तर तुमच्याकडे विमानात बसताना असायलाच हवे.

घोडे हलवायचे का? तीन आठवड्यांसाठी शक्यतो नाही. प्रवास, नवी जागा, नवी वैरण, नवे शेजारी हे चारही बदल एकाच दिवशी होतात. नुकत्याच दूध तोडलेल्या शिंगरासाठी तर हा ताण फारच मोठा. एखाद्या घोडीला दिवसातून दोनदा औषध किंवा जखमेची पट्टी लागत असेल, किंवा शेतावर रात्री कुणीच राहत नसेल, तरच स्टेबलचा विचार करा. तेव्हा तिथल्या घोड्यांचा ग्लँडर्सचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगाचा) ताजा निगेटिव्ह अहवाल पाहायला मागा. ग्लँडर्स माणसालाही होतो, संसर्गजन्य रोगांच्या २००९ च्या कायद्याखाली तो सरकारला कळवणे बंधनकारक आहे, आणि हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे त्याच्या तपासणीची सोय आहे. अहवाल मागितल्याचा राग येणाऱ्या स्टेबलमध्ये घोडे ठेवू नयेत. नवे आलेले घोडे तिथे काही दिवस वेगळे बांधतात का, हेही विचारा.

माणूस कसा पारखायचा

चहा पीत घेतलेल्या मुलाखतीतून फार काही कळत नाही. दोन सकाळी आणि एक संध्याकाळ त्याला कामाला बोलवा, त्या वेळेचे पैसे द्या, आणि स्वतः बाजूला बसून पाहा. तो आल्या आल्या खरारा हातात घेतो, की आधी घोड्याकडे, गव्हाणीतल्या उष्ट्याकडे आणि लिदीकडे बघतो? दुसरा माणूस तुमचा. जवळ जाताना आवाज देतो का, खांद्याच्या बाजूने येतो का? बांधताना ओढताच सुटणारी गाठ मारतो का, की गुरांसारखी कायमची? दावे गळ्यात अडकून घोडा मागे रेटू लागला तर ती गाठ सुटली पाहिजे. दाव्याचा वेढा स्वतःच्या हाताला गुंडाळतो का? गुंडाळत असेल तर त्याची बोटे एक दिवस जातील. ती सवय आधी मोडा. चारही खूर उचलतो का, की पुढचे दोन उचलून मागच्यांवर नुसता हात फिरवतो? आणि शिंगराशी कसा वागतो? शिंगरू चावायला आले की फटका मारणारा माणूस तीन आठवड्यांत त्याला डोक्याला हात लावू न देणारे करून ठेवील.

मग तीन-चार प्रश्न विचारा. “सकाळी आलात, घोडीने रात्रीची चंदी सोडलेली आहे. काय कराल?” यावर “नवी चंदी टाकून बघतो” किंवा “तेल पाजतो” हे उत्तर नको. उरलेले खाणे उचलतो, लीद किती पडली ते मोजतो, ताप बघतो, फोन करतो, अशा वळणाचे उत्तर हवे. शब्द वेगळे असतील तरी चालतील, क्रम तोच पाहिजे. “एक पाय टेकवत नाही” म्हटल्यावर तो खूर उचलून तळात खिळा किंवा खडा शोधतो का? आणि सापडलेला खिळा उपटतो, की तसाच ठेवून डॉक्टरला विचारतो? तसाच ठेवणारा जाणकार. खिळा किती खोल आणि कुठल्या दिशेने गेला ते पाहूनच पुढचा उपचार ठरतो. फक्त त्यावर वजन पडून तो आणखी आत जाणार नाही अशी लाकडाची आणि पट्टीची सोय करावी लागते.

“तुमच्या हाताखाली शेवटचा घोडा कधी आजारी पडला?” हा माझ्या मते सगळ्यात उपयोगाचा प्रश्न. “आपल्या हातात कधी काही झालेच नाही” असे म्हणणाऱ्याने एकतर घोडे थोडे सांभाळलेत, नाहीतर त्याला दिसलेच नाही. जुन्या मालकांना फोन कराल तेव्हा माणूस चांगला आहे का, असे विचारू नका. सगळे हो म्हणतात. “त्याने तुम्हाला वाईट बातमी कधी आपणहून सांगितली होती का?” असे विचारा आणि उत्तराआधी किती वेळ जातो ते ऐका.

निदान पाच दिवस एकत्र काम

निघण्याआधी पाच-सहा दिवस तो आणि तुम्ही मिळून काम करा. पहिले तीन दिवस तुम्ही दाखवा, शेवटचे दोन दिवस तबेल्यात पाऊल टाकू नका. या दिवसांत प्रत्येक घोड्याचे आकडे सकाळ-संध्याकाळ घेऊन तबेल्यातल्या फळ्यावर लिहा. पुस्तकी मर्यादा अशा: ताप ३७.२ ते ३८.३ अंश सेल्सियस, म्हणजे ९९ ते १०१ फॅरेनहाइट. शांत उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४. श्वास ८ ते १६. शिंगराचे तिन्ही आकडे थोडे वर असतात, आणि मे महिन्याच्या दुपारी सगळ्यांचाच श्वास वाढतो. म्हणून पुस्तकातल्या आकड्यांइतकेच तुमच्या घोडीचे नेहमीचे आकडे महत्त्वाचे. जिची नाडी रोज ३२ असते तिची ४८ झाली, तर ती मोठी बातमी आहे.

नाडी जबड्याच्या खालच्या कडेवरून जाणाऱ्या धमनीवर बोटे ठेवून मोजतात. ती सापडत नसेल तर साधा स्टेथोस्कोप घेऊन डाव्या कोपराच्या मागे लावायला शिकवा. १५ सेकंद मोजून चारने गुणायचे. थर्मामीटरला दोरी आणि चिमटा बांधून चिमटा शेपटीच्या केसांना लावायचा, म्हणजे तो आत ओढला जात नाही आणि लिदीत हरवतही नाही. वरच्या ओठाखालची हिरडी बोटाने दाबली की पांढरी होते आणि दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. दोन्ही कुशींना कान लावला की गुडगुड ऐकू आली पाहिजे. अजिबात शांत पोट गोंगाट करणाऱ्या पोटापेक्षा जास्त काळजीचे. दिवसाला आठ-बारा वेळा लीद पडते. सकाळी ठाण साफ करताना ढीग मोजायची सवय लावली तर अर्धे काम झाले.

चंदी, वैरण, पाणी

“एक डबा” हे माप बंद करा. डबाभर हरभरा आणि डबाभर कोंडा यांच्या वजनात कितीतरी फरक असतो. तागडी ठेवा आणि प्रत्येक वेळची चंदी आधीच तोलून, घोड्याचे नाव लिहिलेल्या पिशव्यांत भरून पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात ठेवा. फक्त कोरडेच भरायचे. हरभरा भिजवायचा तो त्या-त्या वेळेपुरताच. मेच्या उन्हात सकाळचा भिजलेला हरभरा संध्याकाळपर्यंत आंबतो.

साधारण ३५० किलोच्या, काम नसलेल्या घोडीला दिवसाला ६ ते ७ किलो कोरडी वैरण हा मुख्य आहार. चंदी दीड-दोन किलो पुरते, तीही दोन-तीन वेळांत विभागून. एका वेळी दीड किलोच्या वर नकोच. रोज रपेट होणाऱ्या घोडीला तुम्ही तीन किलो देत असाल तर निघण्याआधी आठवडाभर थोडी थोडी कमी करत आणा. काम बंद आणि चंदी तीच, यातून कुठे पाय आखडतात, कुठे खूर तापतात, आणि नुसती मस्ती चढली तरी सांभाळणाऱ्याचे हाल होतात. रोज २५ ते ३० ग्रॅम मीठ चंदीत घाला, सैंधवाचा खडा वेगळा टांगा.

वैरण एकाच गंजीतली, तीन आठवडे पुरून उरेल एवढी आधी भरा. हिशेब असा: दोन घोड्यांना ७-७ किलो, शिंगराला ४ किलो, २१ दिवसांचे पावणेचारशे किलोच्या आसपास. त्यावर चौथा हिस्सा जास्त धरून पावणेपाचशे. मधेच संपून दुसऱ्या गावचा कडबा आला की चार दिवसांत कुणाचे तरी पोट बिघडते, कारण आतड्यातल्या जंतूंना नव्या वैरणीची सवय व्हायला सात ते दहा दिवस लागतात. मेमध्ये वळवाचा पाऊस कधीही येतो. गंजीवर ताडपत्री आताच बांधा. “पाऊस आला की टाका” असे सांगून जाऊ नका. भिजलेल्या पेंढ्या घोड्यांना अजिबात घालायच्या नाहीत. वळवानंतर फुटलेली ज्वारीची कोवळी फूट कापून घालण्याचा मोह गड्याला होतो, तोही टाळायचा. लसूणघास देत असाल तर मोजून, कापल्यावर पसरून सुकवलेला. ढीग करून ठेवलेला आतून तापतो. कुंपणाला कण्हेर किंवा घाणेरी असेल तर कापून टाका आणि कापलेल्या फांद्याही उचला. सुकलेल्या पानांचे विष जात नाही.

पाण्यावर कुणी पुरेसे बोलत नाही. एरवी २५ ते ३५ लिटर पिणारी घोडी मेमध्ये ४५-५० वर जाते. तिघांचे मिळून दिवसाला सव्वाशे लिटर धरा. वीज गेली, मोटर जळली, तरी आठवडा निघेल अशी हजार लिटरची भरलेली टाकी वेगळी हवी. हौद आपोआप भरणारा असेल तरी दिवसातून एकदा बादलीने पाणी पाजा, म्हणजे कोण किती प्यायले ते कळते. पाणी कमी पिणे ही कोरड्या कडब्यावरच्या घोड्याचा कोठा घट्ट होण्याची पहिली पायरी असते.

शेवटची फेरी रात्री नऊ-दहाला हवी. संध्याकाळी सहाला वैरण टाकून माणूस घरी गेला की पुढचे बारा तास तबेल्याकडे कुणी पाहत नाही, आणि बरेचसे पोटशूळ नेमके त्याच वेळात वाढतात. सांभाळणारा तिथेच झोपणार असेल तर उत्तमच. त्याला पंखा, खाट आणि डास कमी असलेली खोली द्या, तरच तो खरोखर तिथे झोपेल.

फोन कधी, कुणाला, आणि पैसे कुठून

पहिला फोन तुम्हाला नको. तुम्ही दुसऱ्या देशात झोपेत असाल. क्रम ठरवा: डॉक्टर, मग देखरेख करणारे स्नेही, मग तुम्ही. हे आकडे फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: एक वेळचे खाणे पूर्ण सोडले, आठ तासांत लीद नाही, वारंवार कुशीकडे वळून पाहणे, जमीन उकरणे, लोळणे, शांत उभी असताना नाडी ५० च्या वर, ताप ३८.६ च्या वर (फॅरेनहाइटमध्ये १०१.५). यातले एकही दिसले तर फोन. नाडी ६० च्या वर आणि हिरड्या फिकट किंवा जांभळट असतील तर एक मिनिटही थांबायचे नाही. नाकातून चारा-पाणी परत येत असेल तर बहुधा अन्ननलिकेत घास अडकलेला असतो. खाणे-पाणी दोन्ही उचलायचे आणि मान खाली राहू द्यायची. डोळा मिटलेला, पाणी गळणारा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. डोळ्याच्या बाबतीत सकाळपर्यंत थांबू नये. सांध्याजवळची जखम लहान दिसली तरी तसेच. डॉक्टर येईपर्यंत खाणे काढून घ्यायचे, घोडी जोरात लोळत असेल तर हळूहळू चालवायची, शांत पडून असेल तर पडू द्यायची.

डॉक्टर आधी भेटून ठरवा. तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गुरांसाठी उत्तम असले तरी घोडे रोज पाहतातच असे नाही, म्हणून घोड्यांची सवय असलेला एक आणि जवळचा एक, असे दोन क्रमांक हवेत. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तोही लिहा. मोठ्या तपासणीसाठी पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईत परळचे, यांतले तुम्हाला कुठले जवळ, तिथे घोड्यांसाठी सध्या काय सोय आहे आणि रात्री कोण भेटते, हे निघण्याआधी चौकशी करून ठेवा. घोडे वाहणाऱ्या गाडीवाल्याचा क्रमांक हवा आणि घोड्यांना गाडीत चढायची सवयही हवी. मध्यरात्री प्रथमच फळीवर पाय ठेवणारी दुखरी घोडी चढत नाही.

मग पैशांचा आणि अधिकाराचा प्रश्न. डॉक्टरची फी, औषधे आणि गाडीभाडे भागेल एवढी रक्कम देखरेख करणाऱ्यांच्या खात्यात वेगळी ठेवा आणि एका कागदावर सही करून लिहा: अमुक रकमेपर्यंत उपचार विचारल्याशिवाय करा, शस्त्रक्रिया करायची की नाही, आणि वाचण्याची आशा उरली नाही असे डॉक्टर म्हणाले व तुमचा फोन लागला नाही, तर वेदनामुक्त मरण द्यायची परवानगी आहे की नाही. हे लिहिताना हात थांबतो, तरी लिहाच. हा निर्णय पगारी माणसावर किंवा मित्रावर टाकणे अन्याय आहे, आणि निर्णयाअभावी घोडीचे हाल होणे त्याहून वाईट. विमा असेल तर कंपनीला कधी व कसे कळवायचे ते पॉलिसीत वाचून त्याच कागदावर उतरवा. शेतात पुरायची जागा कुठली, जेसीबीवाला कोण, तेही.

काय करायचे नाही

घोड्यावर बसायचे नाही. सांभाळणाऱ्याने नाही, त्याच्या मुलाने नाही, सुट्टीला आलेल्या पाहुण्यांनी तर नाहीच. मे म्हणजे लग्नसराई. सजवलेली मारवाडी घोडी वरातीला मिळावी म्हणून गावातलेच वजनदार लोक मोतद्दाराला गळ घालतात आणि त्याला एकट्याला नाही म्हणणे जड जाते. “मालकांचा लेखी नकार आहे” एवढा कागद त्याच्या खिशात असला की तो सुटतो. घोड्यांचा माजाचा काळही हाच. घोडी माजावर आली म्हणून कुणी आपला घोडा आणून लावू नये, हेही त्याच कागदात हवे. बाहेरचा कुठलाही घोडा एका रात्रीसाठीसुद्धा आत बांधायचा नाही. कडब्याजवळ विडी नाही.

मोबदला ठरवताना एक गोष्ट कटाक्षाने टाळा: “काही झाले नाही तर वर इतके बक्षीस.” हेतू चांगला असतो, पण यातून आजार लपवण्याला पैसे मिळतात. बक्षीस द्यायचे तर रोजची नोंद पूर्ण ठेवल्याबद्दल आणि वेळेवर फोन केल्याबद्दल द्या, आणि खोटा इशारा निघाला तरी डॉक्टरच्या फेरीवरून एक शब्दही बोलू नका. मजुरी आणि चंदी-वैरणीचे पैसे वेगवेगळे द्या. माणसाला लाथ बसू शकते, म्हणून त्याचा अपघाती विमा पाहा. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत २ लाखांचे संरक्षण मिळते. तिचे वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मेला संपते, म्हणून तुमच्या प्रवासात नूतनीकरण राहून जायला नको. त्याने धनुर्वाताची लस घेतली आहे का, हेही विचारा.

रोजचा निरोप लहान ठेवा, नाहीतर चौथ्या दिवशी तो बंद पडतो. सकाळी साफ करण्याआधी गव्हाणीचा आणि ठाणातल्या लिदीचा फोटो, आणि प्रत्येक घोड्याचा दहा पावले चालतानाचा व्हिडिओ, रोज त्याच जागेवरून त्याच वेळी. एकच जागा आणि एकच वेळ असली की सुजलेला पाय किंवा उतरलेले पोट तुलनेत चटकन दिसते. आठवड्यातून एकदा छातीचा घेर टेपने मोजून कळवायचा. निघण्याआधी तुम्ही पूर्ण मोजमाप करून ठेवा: घेराचा वर्ग गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (मागच्या ढुंगणाच्या) टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०, मोठ्या घोड्याचे किलोतले वजन साधारण तेवढे येते.

उरलेली कामे वेळेत उरका. नालबंदी निघण्याआधी आठवडाभर करून घ्या. आदल्या दिवशी केली आणि एखादा खिळा जिवंत भागाला लागला, तर लंगडणे तुम्ही गेल्यावर दिसेल. जंताचे औषध दोन-तीन आठवडे आधी द्या, शिंगराला तर नक्कीच, आणि मात्रा डॉक्टरला विचारून. पोटात मोठे जंत भरपूर असतील तर ते एकदम मरून आतडे तुंबू शकते, आणि तेव्हा तुम्ही जवळ असायला हवे. लस देय असेल तर तीही निदान दहा दिवस आधी, कारण नंतर एक-दोन दिवस कसर येते. शिंगराला नवे काही शिकवणे, नवी म्होरकी, जागाबदल हे सगळे परत आल्यावर.

परतल्यावर पहिल्या दिवशी सांभाळणाऱ्याला सुट्टी देऊ नका. दोन दिवस त्याच्याबरोबर काम करा, वही घेऊन बसा, आणि कुठल्या घोडीने काय खाणे बदलले, कुणाची लीद कधी पातळ झाली, ते त्याच्या तोंडून ऐका. चंदी आणि रपेट जशी आठवडाभरात उतरवली तशीच आठवडाभरात चढवा. पहिल्या दिवशी वीस मिनिटांची नुसती चाल पुरे.